केदारखेड्याचं गिऱ्हाईक तयार आहे

खरेदीची ॲप बनवणाऱ्या मंडळींत ग्रामीण भागाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: तिथलं गिऱ्हाईक अजून तयार झालेलं नाही. पुढची कारणंही पाठ असतात. लोकांना ॲप धड वापरता येत नाही, ऑनलाइन पैसे भरायची धास्ती वाटते, मागवलेला माल दारात आला की नाकारतात, पत्ता नीट लिहीत नाहीत. उपायही ठरलेले: चित्रं मोठी करा, मजकूर कमी करा, मराठी टाका, ‘इथे दाबा’ असं गोड आवाजात सांगणारा व्हिडिओ जोडा. एवढं झालं की रचनेच्या अडचणी मिटल्या. उरलं गिऱ्हाइकाचं शिक्षण, ते काय, होईल सावकाश.

हे मत मला साफ चुकीचं वाटतं, आणि ते तपासायला जालना जिल्ह्यातलं केदारखेडा बरं. जालन्याहून भोकरदनला जाताना राजूर सोडलं की पूर्णेच्या काठी लागणारं हे गाव. डांबरी रस्त्यावरचं, म्हणजे आडरानात नाही, आणि शहराला चिकटलेलंही नाही. कापूस, सोयाबीन, मका, मिरची यांच्यावर इथल्या घरांचं वर्ष चालतं. ज्या गिऱ्हाइकाला ‘पुढचे दहा कोटी’ म्हणून सादरीकरणात गोल काढून दाखवतात, ते असल्याच गावांत राहतं.

आधी ‘वापरता येत नाही’ या आरोपाचं बघू. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची साक्षरता ७१ टक्क्यांच्या आसपास होती आणि बायकांची त्याहून बरीच कमी. हे मान्य. पण याच जिल्ह्यातला शेतकरी २०२१ पासून ई-पीक पाहणीचं सरकारी ॲप वापरतो आहे. बांधावर उभं राहायचं, गट नंबर निवडायचा, पीक निवडायचं, क्षेत्र भरायचं, फोनला जागा सापडेपर्यंत थांबायचं, फोटो काढायचा, सर्व्हर नीट चालेना तर संध्याकाळी परत खटाटोप करायचा. ते ॲप काही फार प्रेमानं बनवलेलं आहे असं कुणी म्हणणार नाही. तरी लोक ते रेटतात, कारण सातबाऱ्यावर पीक लागलं नाही तर विम्यापासून नुकसानभरपाईपर्यंत सगळं अडतं. शेजाऱ्याच्या पोराला हाताशी धरतात, पण काम करून घेतात. यूपीआय २०१६ साली आलं. त्याचे क्यूआर आता चहाच्या टपरीपासून रसवंतीपर्यंत चिकटलेले असतात, आणि ते वापरायला कुणी कुणाला वर्गात बसवून शिकवलेलं नाही. ज्याला हे जमतं त्याला साडी मागवता येत नाही? मग साडीच्या ॲपचं काहीतरी चुकतंय.

व्यापार तर या मातीला नवा मुळीच नाही. तालुक्याचं गाव भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर इथल्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. पॉम्पेईच्या राखेत जी हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली, तिच्याशी मिळताजुळता नमुना भोकरदनच्या उत्खननात निघाला. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या भागाचे व्यापारी असे दूरवर पोचले होते, त्या भागाला ‘ग्राहक म्हणून तयार’ करण्याची भाषा थोडी जपूनच वापरलेली बरी.

साडीच्या ॲपचं चुकतंय ते असं. खरेदीचं ॲप ज्या कागदावर पहिल्यांदा आखलं जातं, त्यावर एक माणूस असतो. त्याचा स्वतःचा एक फोन असतो, एक पत्ता असतो, एक तारखेला होणारा एक पगार असतो. वस्तू हवीशी त्यालाच वाटते, निवडतो तोच, पैसे भरतो तोच आणि दार उघडून डबाही तोच घेतो. हे चित्र पुण्यातल्या बाणेरच्या सदनिकेत जुळतं. केदारखेड्यात ही चार कामं चार जणं करतात.

घरातली बाई दुपारी मुलाच्या फोनवर कुकर बघते. फोन मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला, त्यातलं सिम नवऱ्याच्या नावावर. बँकेला जोडलेला नंबर आणखी तिसराच, तो नवऱ्याच्या साध्या बटनाच्या फोनमध्ये, आणि तो फोन शेतात, सदऱ्याच्या खिशात. पैसे भरायच्या पायरीला ओटीपी जातो तो तिकडे. नवरा फवारणी करत असतो, पंपाच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही. फोन लागला तरी सहा आकडे ओरडून सांगेपर्यंत मुदत संपते. ॲप म्हणतं, व्यवहार अयशस्वी. बनवणाऱ्यांच्या तक्त्यात ही बाई ‘टोपली अर्धवट सोडून गेलेली ग्राहक’ म्हणून नोंदली जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला, म्हणजे मुलाच्या फोनला, सूचना यायला लागतात: तुमचा कुकर वाट पाहतोय! वाट ती बाई पाहते आहे. यावर उपाय करणं अवघड नाही. निवडणारा आणि पैसे भरणारा वेगळा असू शकतो एवढं धरून चालायचं. टोपली भरून ठेवता यावी, दुवा दुसऱ्या फोनवर धाडता यावा, रात्री नवरा घरी आल्यावर पैसे भरता यावेत आणि तोवर भाव बदलू नये. शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण रात्री कुकर सत्तर रुपयांनी महागला तर ती दुकानदारी फसवी ठरते, मग त्यामागचं गणित कितीही हुशार असो.

पत्त्याचं तर हसू येतं. ‘फ्लॅट क्रमांक, इमारतीचं नाव’ ही चौकट भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि ‘जवळची खूण’ ही चौकट मात्र ऐच्छिक. गावात नेमकं उलटं. इमारतीला नाव नसतं आणि खूण हाच पत्ता असतो. मग लोक पहिल्या चौकटीत एक टिंब टाकतात, नाहीतर गावाचंच नाव पुन्हा लिहितात. यालाच पुढं ‘पत्ता नीट लिहीत नाहीत’ असं नाव पडतं. पिनकोड ज्यांनी घडवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला त्यांनी तो आणला तेव्हा त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता: एकाच नावाची गावं अनेक, लिपी अनेक, अक्षर गिचमिड, आणि तरी पत्र पोचायला हवं. त्यांनी लोकांना पत्ता नीट लिहायला शिकवायची मोहीम काढली नाही. सहा आकडे दिले, बाकीचा पत्ता ज्याला जसा जमेल तसा लिहू दिला. पुढचं काम पोस्टमननं केलं, कारण त्याला माणसं माहीत होती. आता टपाल खात्याचा डिजिपिनही आला आहे, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरी ओळख देणारा. उपयोगी आहे. पण कुरियरवाला पोरगा तरीही फोन करून म्हणणारच, फाट्यावर या. माल फाट्यावरच्या मोबाइल दुकानात ठेवायचा ही व्यवस्था लोकांनी आपसांत लावलेली असते. तिला ॲपमध्ये जागा द्या की! ‘माझ्या घरी’ च्या शेजारी ‘अमक्या दुकानात ठेवा’ एवढा एक पर्याय, आणि त्या दुकानदाराला नगामागे चार पैसे.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी मेख तिथं आहे.

किराणा दुकानाच्या गल्ल्यासमोर दहा मिनिटं उभं राहिलं तर कानावर पडतं ते असं: ‘वीसची साखर द्या’, ‘दहाची चहापत्ती’, ‘पन्नासचे शेंगदाणे’. रुपये आधी, माप मागून. पेट्रोल पंपावरही कुणी लिटर सांगत नाही, शंभरचं टाक म्हणतात. माणसाच्या खिशात जे आहे त्यावरून तो बोलतो. जवळजवळ प्रत्येक खरेदीचं ॲप याच्या उलट बांधलेलं आहे. आधी अर्धा किलो, एक किलो, पाच किलो यांतून निवडा, मग आम्ही किंमत सांगू, मग वर सांगू की १९९ च्या खाली असेल तर पोचवण्याचा आकार वेगळा पडेल. ही उलटी चाल बसल्या जागी सुलटी करता येते. पहिल्या पडद्यावर एकच प्रश्न: किती रुपयांची खरेदी करायची? मग त्या रकमेत बसणारं सामान समोर मांडा, आणि एक वस्तू वाढवली की कुठली कमी करावी लागेल तेही दाखवा. दुकानदार हे तोंडी करतोच. तीनशे हातात ठेवून ‘एवढ्यात बसवा’ म्हणणारं गिऱ्हाईक त्याला रोज भेटतं, आणि तो तेलाची पिशवी लहान घेऊन डाळ बसवून देतो. असली सोय मला तरी कुठल्या मोठ्या ॲपमध्ये दिसलेली नाही.

दुसरी गोष्ट काळाची. पगारदाराचं वर्ष बारा तुकड्यांचं असतं, कपाशीवाल्याचं दोन-तीन तुकड्यांचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापूस घरात येतो, विकला जातो, तेव्हा पैसा. पेरणीच्या तोंडाला जातो तो पैसा. मधे पीएम किसानचे दोन हजार रुपये आले तर आले, लाडक्या बहिणीचे दीड हजार आले तर आले. या उंचसखल वर्षाला सपाट करण्याचं काम उधारीची वही करते. ॲपवाल्यांनी ‘आता घ्या, नंतर भरा’ आणलं तेव्हा ते हेच करतायत असं वाटलं होतं. पण त्यांचं ‘नंतर’ म्हणजे पुढच्या महिन्याची पाच तारीख. चुकली की दंड, आणि पत-नोंदीवर डाग. श्रावणात घेतलेल्या कपड्याचे पैसे कापूस विकल्यावर देईन असं सांगायची त्यात चौकटच नाही. त्यात जून २०२२ ला रिझर्व्ह बँकेनं उधारीच्या रकमेतून प्रीपेड वॉलेट-कार्डं भरायला बंदी केली, आणि त्यावर उभी असलेली बरीच दुकानदारी आखडली. बंदी योग्यच होती. कर्ज आहे हे गिऱ्हाइकाला कळतही नव्हतं अशा पद्धतीनं ते दिलं जात होतं.

इथं कुणी म्हणेल, मग वहीच बरी, ॲप कशाला? या सुराचाही मला प्रतिवाद करायचा आहे. तो शहरात बसून गावाविषयी हळवं होणाऱ्यांचा सूर आहे. वहीतली उधारी फुकट नसते. ती भावात मिसळलेली असते. ज्याच्याकडे खातं, त्याच्याकडूनच माल घ्यावा लागतो, आणि तो म्हणेल तो भाव. बी-खताच्या उधारीत तर मोसमाचं व्याज चढतं, आणि शेतकरी दुसऱ्या दुकानात पाऊल टाकायला कचरतो. तीच पिशवी शेजारच्या तालुक्यात कितीला मिळते हे फोनवर दिसलं, एवढ्यानंही त्याच्या हातात काहीतरी येतं. ॲपचा खरा फायदा तिथं आहे, आणि तो मोठा आहे. उधारीच्या वहीची डिजिटल आवृत्ती काढणारी खातेवहीची ॲप आली, ती चालली, कारण ती गल्ल्यावर काय होतं ते बघून बनवलेली होती. त्यांतही एक गाठ राहिलीच. थकबाकीचा संदेश आपोआप जातो, आणि तो ज्या फोनवर जातो तो घरातला कोणीही उघडतो. दुकानदार तगादा करतो तोही एकट्याला गाठून, आवाज खाली घेऊन. यंत्राला ही रीत अजून कुणी शिकवलेली नाही.

विश्वासाबद्दल बोलताना जालन्यात राहून बियाण्याचं उदाहरण टाळता येत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको काढली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. बियाणं हा असा माल की पुडी हातात घेऊन काही कळत नाही. कळतं ते चार महिन्यांनी, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. मग शेतकरी काय बघतो? शेजारच्या शिवारातलं गेल्या वर्षीचं पीक बघतो, त्या माणसाला विचारतो. ॲप त्याला काय दाखवतं? ४.२ तारे, अकरा हजार अभिप्राय. कुणाचे? पुण्या-लखनौचे. त्या ताऱ्यांचा काळ्या जमिनीशी, पूर्णेकाठच्या पाण्याशी संबंध काय? ‘भोकरदन तालुक्यात हे किती जणांनी घेतलं, त्यातल्या किती जणांनी परत घेतलं’ एवढी एक ओळ त्या अकरा हजारांपेक्षा मोलाची. ही माहिती कंपनीकडे असतेच, पिनकोडसकट. नावं न सांगता ती दाखवायला काय हरकत आहे?

ज्यांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली त्यांचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या ॲग्रोस्टारनं २०१३ च्या सुमाराला शेतीचा माल विकायला काढला तेव्हा ॲपचा हट्ट धरला नाही. शेतकऱ्यानं मिस्ड कॉल द्यायचा, पलीकडून शेतीचा जाणकार फोन करणार, पिकाचं दुखणं ऐकणार, मग औषध सुचवणार. ॲप पुढं आलं, त्यातही रोगट पानाचा फोटो पाठवून विचारायची सोय ठेवली. आधी बोलणं, मग विक्री, हा क्रम कृषी केंद्राच्या बाकड्यावरचा. याच काळात शहरी कपड्यांच्या दुनियेत काय चाललं होतं ते आठवा. मे २०१५ मध्ये मिंत्रानं संकेतस्थळ बंद करून ‘फक्त ॲप’ केलं, आणि वर्षभरात ते पुन्हा उघडावं लागलं. गिऱ्हाइकाची सवय न बघता आपली सोय बघितली की मोठ्यांचंही असं होतं. तेव्हा मात्र शहरातलं गिऱ्हाईक ‘तयार नाही’ असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

‘मराठी केलं की झालं’ याबद्दल थोडक्यात. २०२० च्या अखेरीस मनसेनं ॲमेझॉन-फ्लिपकार्टला मराठीसाठी धारेवर धरलं, पुण्या-मुंबईत कार्यालयांची तोडफोड झाली, आणि २०२१ मध्ये दोन्हीकडे मराठी आली. तोडफोडीचं समर्थन करणार नाही. मागणी मात्र रास्त होती, आणि ती रेटल्याशिवाय पुरी झाली असती असं वाटत नाही. पण आज मराठी कुठे आहे? वरच्या पट्टीवर, विभागांच्या नावांवर, जाहिरातीवर. पैसे अडकले, व्यवहार फसला, माल परत करायचा आहे, अशा जागी, म्हणजे पोटात गोळा येतो त्या पायरीला, बँकेचं पान नाहीतर कुरियरचा संदेश इंग्रजीत समोर येतो. शिवाय मराठी बसवायची म्हणजे अक्षरं बदलून भागत नाही. वेलांट्या-उकारांना, जोडाक्षरांना ओळीत वर-खाली जागा लागते, ती नसेल तर ‘रद्द करा’ मधला ‘द्द’ही धड दिसत नाही. साधा संदेश इंग्रजीत १६० अक्षरांचा, देवनागरीत ७० चा, म्हणून ओटीपीचा मजकूर मराठीत लिहायला कंपन्या नाखूश. आणि शोधायच्या चौकटीत लोक रोमन अक्षरांत मराठी लिहितात, एकच वस्तू पाच स्पेलिंगांनी. ती चौकट पाचही ओळखत नसेल तर वर कितीही मराठी चिकटवून उपयोग नाही. पोळ्याच्या आठवड्यात बैलाची मोरकी, कासरा, गोंडे, झूल शोधून बघा. ‘घर व स्वयंपाकघर’मध्ये जायचं, की कुत्र्याच्या पट्ट्यांच्या रांगेत?

नाकारलेल्या मालाचं उत्तर अजून द्यायचं राहिलं. दारात पैसे देण्याची पद्धत फ्लिपकार्टनं २०१० मध्ये आणली तीच मुळात लोकांचा विश्वास नव्हता म्हणून. ती सोय असताना माल परत का जातो? डबा येतो त्या दिवशी घरात रोकड नसते. ज्यानं मागवलं तो बाजाराला गेलेला असतो. डबा उघडून बघू देत नाहीत, आणि मागच्या वेळी कापड निराळं निघालेलं असतं. यातलं बेइमानीचं काय? ‘बुधवारी येऊ का शनिवारी’ एवढं आदल्या दिवशी विचारलं तरी यातले बरेच डबे परत फिरणार नाहीत. उलट बेइमानी पलीकडून कशी होते याची तर सरकारनंच यादी केली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय नियमावलीत असल्या तेरा युक्त्या नावानिशी आहेत: शेवटचे दोनच नग उरल्याची खोटी घाई, टोपलीत गुपचूप सरकवलेली वस्तू, शेवटच्या पायरीला उगवणारे आकार, आणि आणखी बऱ्याच. शहरात अशा युक्तीनं एक गिऱ्हाईक जातं. केदारखेड्यात विम्याचे एकोणतीस रुपये न विचारता कापले गेले, तर संध्याकाळपर्यंत पारावर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मग त्या ॲपचं नाव काढायची सोय राहत नाही.

शेवटचा मुद्दा खर्चाचा, आणि तो सगळ्यांत प्रामाणिक आहे. एवढ्या खटपटी एका गावासाठी करणं परवडत नाही, असं म्हणतात. परवडतं की नाही याचा दाखला दुकानाच्या गल्ल्यावरच ठेवलेला आहे. यूपीआय वाढलं तेव्हा दुकानदारांना एकच त्रास होता. हात पिठानं, तेलानं भरलेले, गिऱ्हाइकांची दाटी, आणि कोणी पोरगं ‘पैसे गेले’ म्हणून जुन्या व्यवहाराचा फोटो दाखवून निघून जायचं. फोनच्या पडद्यावर याला उत्तर नव्हतं, कारण फोनकडे बघायला दुकानदाराला फुरसतच नव्हती. उत्तर म्हणून बोलणारी डबी आली, पैसे जमा झाले की मोठ्यानं रक्कम सांगणारी, मराठीतसुद्धा. ती आता मुंबईच्या वडापावच्या गाडीवर आहे आणि केदारखेड्यासारख्या गावच्या किराण्यातही. तिचं महिन्याचं भाडं दुकानदार कुरकुरत का होईना पण भरतो, आणि पैसे भरायच्या धंद्यातल्या मोठमोठ्या कंपन्या आज त्या डब्या वाटायला एकमेकींशी चढाओढ करतायत.